ओतकाम आणि फाउंड्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. काही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे असतात, काही मशीनशॉपवाल्यांचे, तर काही हौसेने छोटी भट्टी लावून बसलेल्यांचे. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, की ‘मेटल खराब आलं’. मेटल तपासलं तर ते सहसा ठीक निघतं, आणि चूक रस ओतण्याच्या कितीतरी आधी वाळूत, ओलाव्यात किंवा रसाच्या रस्त्यात झालेली असते. म्हणून इथे भट्टीपेक्षा साच्याबद्दल जास्त सापडेल. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कास्टिंग म्हणजे नेमकं काय? फोर्जिंगपेक्षा ते वेगळं कसं?

धातू वितळवून त्याचा रस पोकळ साच्यात ओतायचा आणि तिथेच गोठू द्यायचा, हे कास्टिंग. फोर्जिंगमध्ये धातू घनच राहतो, त्याला तापवून ठोकून आकार देतात. आतून पोकळ, वाकडातिकडा, कुठे जाड कुठे पातळ असा आकार हवा असेल तर ओतकामाला तोड नाही. इंजिनचा ब्लॉक ठोकून करून बघा! उलट, सतत झटके खाणाऱ्या क्रेनच्या हुकासाठी घडीव तुकडाच बरा.

२. बीड, कास्ट आयर्न आणि पोलाद यांत फरक काय? सगळं लोखंडच ना?

बीड म्हणजेच कास्ट आयर्न, एकाच वस्तूची दोन नावं. फरक आहे तो कार्बनचा. ढोबळ रेषा २ टक्क्यांवर आहे. त्याच्या खाली पोलाद, वर बीड. रोजच्या करड्या बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन आणि २ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. गोठताना यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पाकळ्या होऊन बाहेर पडतो. तुटलेल्या बिडाची कड करडी दिसते ती या पाकळ्यांमुळे.

या पाकळ्या म्हणजे धातूच्या पोटातल्या बारीक भेगाच समजा. त्यामुळे बीड ओढलं की लवकर तुटतं, दाबाला मात्र तीन-चार पट जास्त टिकतं. त्याच पाकळ्या कंपनं गिळतात, म्हणून लेथचा बेड बिडाचा असतो. शिवाय शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, तर ४.३ टक्के कार्बन असलेलं सुमारे ११५० अंशांना. बीड ओतायला सोपं आणि पोलाद ओतायला कटकटीचं, याचं मोठं कारण हेच.

३. पॅटर्न वस्तूपेक्षा मोठा का करतात?

पॅटर्न म्हणजे वाळूत पोकळीचा ठसा उमटवायला केलेला वस्तूचा नमुना. तो मोठा करतात, कारण गोठलेला धातू गार होताना आकसतो. मीटरमागे बीड साधारण १० मिलिमीटर, ॲल्युमिनियम १३, पितळ १५ आणि पोलाद २० मिलिमीटर आकसतं. पॅटर्नवाले यासाठी कॉन्ट्रॅक्शन स्केल वापरतात, म्हणजे मुद्दाम तेवढी ताणून आखलेली पट्टी. ती पट्टी चुकून साध्या मापाला वापरली की होणारा गोंधळ दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

आकसण्याशिवाय मशिनिंगसाठी वाढावा ठेवावा लागतो, आणि वाळू न मोडता पॅटर्न निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार.

नवशिके फसतात ते लाकडी पॅटर्नवरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतताना. तिथे आकसणं दोनदा धरायचं असतं: एकदा ॲल्युमिनियमचं आणि एकदा शेवटच्या धातूचं.

४. साच्याला कुठलीही वाळू चालते का? बांधकामाची किंवा समुद्राची?

शिकण्यापुरते दोन-चार तुकडे ओतायला बांधकामाची वाळू बारीक चाळून, माती मिसळून चालून जाते. समुद्राची नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. हा चुरा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो थेट कास्टिंगमध्ये घुसतो.

फाउंड्रीत बिडासाठी सिलिका वाळूत ६ ते १० टक्के बेंटोनाइट (एक चिकट माती), ३ ते ४ टक्के पाणी आणि ३ ते ५ टक्के कोळशाची पूड घालतात. बेंटोनाइट आणि पाणी मिळून चिकटपणा देतात. कोळशाची पूड रसाच्या उष्णतेने जळते आणि तिच्या वायूंमुळे रस वाळूला चिकटत नाही. ही पूड विसरली की फेटलिंगवाले, म्हणजे कास्टिंग साफ करणारे, तुमच्या नावाने बोटं मोडतात.

प्रयोगशाळा नसेल तर मूठ वापरा. मूठभर वाळू घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत. गोळा मधोमध मोडला तर कडा धारदार राहायला हव्यात. कडा भुरभुरल्या तर पाणी कमी किंवा वाळू नीट मळलेली नाही. वाळू तळव्याला चिकटून राहिली तर पाणी जास्त. अनुभवी मोल्डर हे न बघताच, बोलता बोलता करतो.

सिलिकाची एक खोड लक्षात ठेवा. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. फार घट्ट ठोकलेल्या सपाट साच्यात वाळूला फुगायला जागा नसते. मग तिचा पापुद्रा उचलला जातो, आणि कास्टिंगवर खपली किंवा उंदराच्या शेपटीसारखी रेघ दिसते.

५. ग्रीन सँड हिरवी का नसते?

तिचा रंगाशी संबंध नाही. इथे ‘ग्रीन’ म्हणजे ओली, न भाजलेली. कोळशाच्या पुडीमुळे ती काळीच असते.

६. कोर म्हणजे काय? आणि वाळूचा कोर रसात बुडायचा सोडून वर का येतो?

कास्टिंगमध्ये जिथे पोकळी हवी, तिथे साच्यात बसवलेला वाळूचा घट्ट तुकडा म्हणजे कोर. पाइपचं भोक, पंपाच्या पोटातली जागा, हे सगळं कोरमुळे होतं.

तो वर येतो कारण बिडाचा रस वाळूपेक्षा चौपटीहून जड असतो. १० लिटर आकारमानाचा कोर घ्या. त्याचं वजन साधारण १६ किलो, आणि तो बाजूला सारतो तो रस सुमारे ७० किलो. म्हणजे ५४ किलोंचा जोर त्याला वर ढकलतो. लाकूड पाण्यात दाबून धरायला जोर लागतो, तसंच. म्हणून कोरचे कान, म्हणजे त्याची बाहेर काढलेली टोकं, साच्यात भक्कम बसायला हवेत, आणि लांब कोरला चॅपलेटचा, म्हणजे धातूच्या छोट्या टेकूंचा, आधार हवा. हे चॅपलेट कास्टिंगमध्येच विरघळून मिसळतात. ते गंजके असले तर काय होतं, ते प्रश्न १२ मध्ये.

७. रस ओतण्याआधी बॉक्सवर वजनं का ठेवतात?

कारण वरचंच, फक्त इथे साच्याच्या एकावर एक ठेवलेल्या दोन बॉक्सपैकी अख्खा वरचा बॉक्स उचलला जातो. हिशेब सोपा आहे. खालच्या बॉक्समध्ये ५० बाय ४० सेंटिमीटरची सपाट पोकळी आहे आणि ओतण्याचं तोंड तिच्यापेक्षा २० सेंटिमीटर वर आहे असं धरा. क्षेत्रफळ २००० चौरस सेंटिमीटर, गुणिले २०, गुणिले रसाची घनता ७ ग्रॅम. येतात २८० किलो. वरच्या बॉक्समधली वाळू शंभर किलोंच्या आसपास असेल. उरलेल्या जोरासाठी वजनं किंवा क्लॅम्प हवेत, आणि रस भरताना बसणारा धक्का धरून हिशेबाच्या दीडपट. हे न केल्यास सांध्यातून रस पायाशी येतो. साच्यात कोर असेल तर प्रश्न ६ मधला जोर यात आणखी मिळवायचा.

८. रनर, गेट, रायझर एवढं सगळं लागतं? निम्मा धातू तिथेच वाया जातो!

वाया जात नाही, पुन्हा भट्टीत जातो. वितळवण्याची ऊर्जा मात्र जाते, हे खरं. तरीही रायझर (रसाचा राखीव साठा, प्रश्न ९ पाहा) वाचवून कास्टिंग फेकण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

ओतलेला रस आधी उभ्या नळीतून, म्हणजे स्प्रूमधून, खाली येतो. मग आडव्या रनरमधून गेटवाटे पोकळीत शिरतो. स्प्रू खाली निमुळता करतात, कारण पडणारी धार वेग वाढेल तशी बारीक होते. नळाची धार निरखून बघा. सरळ नळी ठेवली तर धारेभोवती मोकळी जागा राहते आणि रस हवा ओढून घेतो.

ॲल्युमिनियमला तर घाई अजिबात खपत नाही. गेटमधून सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जोरात शिरलं की पृष्ठभाग दुमडतो आणि त्यावरची ऑक्साइडची साय आत गाडली जाते. बाहेरून काही दिसत नाही. पुढे दाबाची चाचणी घेताना तिथूनच गळतं.

९. रायझर केवढा ठेवायचा, हे ठरवतात कसं?

रायझरचं काम एकच. कास्टिंग गोठताना धातू आकसतो, तेव्हा कमी पडणारा रस पुरवत राहायचं. म्हणजे तो कास्टिंगच्या नंतर गोठला पाहिजे.

कोण आधी गोठेल, हे वजनावर ठरत नाही. चेक अभियंता ख्वोरिनोव यांनी १९४० मध्ये मांडलेला नियम सांगतो, की गोठण्याचा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठभाग, या आकड्याच्या वर्गावर अवलंबून असतो. १० सेंटिमीटरचा घन घ्या. आकारमान १०००, पृष्ठभाग ६००, भागाकार १.६७. आता २० बाय २० बाय २.५ सेंटिमीटरची प्लेट घ्या. आकारमान तेच १०००, पण पृष्ठभागही १०००, भागाकार १. वजन सारखंच, पण घनाला गोठायला प्लेटच्या पावणेतीन पट वेळ लागतो.

रायझरचा हा भागाकार कास्टिंगच्या सुमारे १.२ पट ठेवायचा. वरच्या घनासाठी तो २ यायला हवा. व्यास आणि उंची सारखी असलेल्या गोल रायझरचा भागाकार व्यासाच्या एक षष्ठांश असतो, म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाचा रायझर. पोलादाला हे असंच लागू होतं. करड्या बिडाला कमी पुरतं, कारण गोठताना सुटणारं ग्राफाइट जागा व्यापतं आणि आकसणं बरंचसं भरून काढतं. पण त्यासाठी साचा कडक हवा. मऊ साच्यात हे फुगणं भिंतीच बाहेर ढकलतं, आणि आत पोकळी राहते ती राहतेच.

१०. क्यूपोला चांगली की इंडक्शन भट्टी?

क्यूपोला म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी. तिच्यात कोक, चुनखडी आणि लोखंड यांचे थर वरून घालत राहायचे आणि खालून रस काढत राहायचं. काम अखंड चालतं, पण कोकमधलं गंधक रसात उतरतं आणि धूरही बराच. इंडक्शनमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, घटक हवे तसे जुळवता येतात. फक्त ती भट्टी घाण साफ करत नाही. गंजलेलं, रंगवलेलं, तेलकट भंगार घातलंत तर तेच परत मिळेल.

एक फरक फारसा कुणी सांगत नाही. इंडक्शनमधला रस तापवून बराच वेळ धरून ठेवला, तर ग्राफाइट ज्यांच्याभोवती जमतं ते सूक्ष्म कण नाहीसे होतात. रस दिसतो झकास, ओतला की कडक होतो. प्रश्न १३ पाहा.

११. धातू किती अंशांना ओतायचा? जास्त गरम असलेला बरा ना?

नाही. जास्त गरम रस वाळूत शिरतो, जास्त आकसतो, जास्त वायू शोषतो. थंड रस कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, किंवा दोन धारा भेटूनही जुळत नाहीत आणि तिथे गोल कडांची फट राहते. करडं बीड जाडीप्रमाणे १३२० ते १४२० अंश, ॲल्युमिनियम ६९० ते ७५०, पोलाद १६०० च्या आसपास. पातळ तुकड्याला वरचा आकडा, जाडाला खालचा. भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, येताना काही दहा अंश सहज उतरतात, तेव्हा मोजायचं ते लॅडलमध्ये. डोळ्यांनी रंग बघून तापमान सांगणारे असतात, पण दिव्याखाली आणि उन्हात तोच रंग वेगळा दिसतो.

१२. कास्टिंगमध्ये भोकं पडतात. गॅसची की आकसल्याची, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी एक कास्टिंग कापा. न कापता केलेली चर्चा वांझोटी.

भोक गोल, आतून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर तो गॅस. अशी भोकं बहुधा वरच्या अंगाला किंवा कोरच्या जवळ असतात. भोक वेडंवाकडं, आतून खडबडीत, भिंगाखाली झाडाच्या फांद्यांसारखं दिसत असेल तर ते आकसणं. ते जाड भागात, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात किंवा रायझरच्या मुळाशी सापडतं. आकसण्याचा इलाज प्रश्न ९ मध्ये आहे.

गॅस असेल तर तो आला कुठून, हे शोधावं लागतं. ओली वाळू, व्हेंट (वायू निघायची बारीक छिद्रं) न मारलेला साचा, कोरमध्ये जास्त झालेला बाइंडर (वाळू जोडणारा पदार्थ), नीट न भाजलेला लॅडल. मशिनिंगनंतरच उघडे पडणारे, कातडीखालचे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे असतील तर त्यांचा उगम बहुधा ओलावा किंवा बाइंडरमधला नायट्रोजन.

माझीच गोष्ट सांगतो. एका पंपाच्या कास्टिंगमध्ये सतत भोकं येत होती. मी तीन आठवडे वाळूला शिव्या दिल्या, पाणी कमी केलं, व्हेंट दुप्पट केले. शेवटी पाच कास्टिंग कापून टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा दिसलं की प्रत्येक भोक चॅपलेटच्या भोवती आहे. चॅपलेटचा डबा खिडकीखाली होता आणि पार गंजला होता. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. रसातल्या कार्बनशी त्याची गाठ पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डबा बदलला आणि भोकं थांबली. तेव्हापासून मी भोक कसं आहे याच्या आधी ते कुठे आहे, हे विचारतो.

१३. कास्टिंगच्या कडा इतक्या कडक की टूल तुटतं. धातू बदलू का?

आधी कड मोडून बघा. आत चांदीसारखी पांढरी दिसली तर ते पांढरं बीड. पातळ कडा झटकन गार झाल्या, कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळ मिळाला नाही, म्हणून तो लोखंडाशी बांधला जाऊन काचेसारखं कडक कार्बाइड झालं.

इलाज म्हणजे इनॉक्युलेशन. ओतताना रसात ०.२ ते ०.३ टक्के बारीक फेरोसिलिकॉन घालायचं. याचा परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरतो, त्यामुळे भट्टीत घालून निवांत बसण्यात अर्थ नाही. ओतण्याआधी पाचरीसारखा छोटा तुकडा ओतून, गार करून मोडतात. टोकापासून पांढरा पट्टा किती आत गेला, ते मोजलं की रस तयार आहे की नाही ते कळतं. आधीच ओतून झालेली कास्टिंग ९०० अंशांच्या आसपास ॲनिलिंग करून (तापवून, हळू गार करून) मऊ करता येतात, फक्त त्यात तुकडा वाकू शकतो.

१४. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियम मोजून घातलं, तरी ग्राफाइट गोल का झालं नाही?

एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट) आयर्न १९४८ मध्ये जाहीर झालं. त्यात ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं, म्हणून ते वाकतं पण पटकन तुटत नाही. त्यासाठी कास्टिंगमध्ये ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरायला हवं. ‘उरायला’ हा शब्द महत्त्वाचा.

मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं आणि बिडाचा रस १४५० च्या आसपास असतो, त्यामुळे ते घालताच भडका उडतो आणि बरंचसं हवेत जातं. म्हणून ते फेरोसिलिकॉनसोबतच्या मिश्रधातूच्या रूपात, लॅडलच्या तळाशी खळग्यात, वर पोलादाच्या चुऱ्याचं झाकण घालून ठेवतात. उरलेल्यातलं काही गंधक खातं, आणि बाकीचं वेळेबरोबर उडत राहतं. मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटनंतर दहा मिनिटांत ओतून संपवा. त्याच लॅडलमधलं पहिलं कास्टिंग उत्तम आणि शेवटचं बाद, असं होत असेल तर कारण हेच. भंगारातून आलेलं शिसं किंवा टायटेनियमही गोळे बिघडवतं.

चटकन पारखायचं तर कास्टिंग टांगून हातोडीने टोला मारा. एसजी घंटेसारखं घुमतं, करडं बीड ठप्प वाजतं.

१५. घरी छोट्या भट्टीत ॲल्युमिनियम ओतायचं आहे. सर्वांत मोठा धोका कोणता?

पाणी. आगीपेक्षाही पाणी. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट फुगतं. रसाखाली अडकलेला थेंब म्हणजे छोटा स्फोटच. ओलं भंगार, थंड चिमटा, दमट साचा, काहीही पुरतं. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप किंवा डबा भट्टीत टाकू नका. काँक्रीटच्या फरशीवर ओतू नका, आतल्या ओलाव्याने ती उडते. खाली कोरड्या वाळूचा थर हवा. सिंथेटिक कपडे वितळून कातडीला चिकटतात, तेव्हा जाड सुती कपडे, चेहऱ्यावर शील्ड आणि चटकन काढता येतील असे चामड्याचे बूट.

भंगारात मॅग्नेशियमचे भाग मिसळलेले असू शकतात. दिसायला तसेच, पण हातात हलके: घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७. मॅग्नेशियम पेटलं तर पाणी मारायचं नाही, कोरडं मीठ किंवा त्यासाठीची खास पावडर टाकायची.

दर्जाचं म्हणाल, तर वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन पिऊन घेतं. गोठताना त्याची क्षमता सुमारे वीसपटीने घटते आणि सगळा वायू बारीक भोकांच्या रूपात उरतो. जास्त तापवू नका, ढवळत बसू नका.

१६. पितळ वितळवताना पांढरा धूर आणि कापसासारखे तंतू उडतात. हे काय?

जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ साधारण त्याच सुमारास वितळतं. बाहेर पडलेल्या जस्ताचा हवेत ऑक्साइड होतो, तोच हा धूर. तो श्वासात गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. दूध प्यायल्याने हे टळतं हा कारखान्यांतला जुना समज, त्यात तथ्य नाही. हवा खेळती ठेवा आणि धूर ओढून घेणारा पंखा लावा. पितळात शिसं असेल तर त्याचा धूर याहून वाईट, कारण ते शरीरात साठतं.

वाळूची धूळही विसरू नका. जी डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते. न दिसणारी फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस करते, आणि तो बरा होत नाही. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं) आणि फेटलिंगला योग्य मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

१७. तडा गेलेलं बिडाचं कास्टिंग वेल्ड होतं का?

होतं, पण सावकाश. निकेलचा रॉड, आधी तापवणं, छोटे छोटे टाके, आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू गार करणं. झटपट केलंत तर जुन्या तड्याशेजारी नवा तडा जातो, कारण वेल्डच्या कडेला प्रश्न १३ मधलंच पांढरं बीड तयार होतं.

१८. लॉस्ट वॅक्स आणि डाय कास्टिंग केव्हा वापरायचं?

लॉस्ट वॅक्समध्ये मेणाच्या नमुन्यावर लेप चढवून मेण वितळवून काढतात आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतला जातो. मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीची, आणि आज टर्बाइनची पातीही. नक्षीदार आकार आणि कमी मशिनिंग हवं तिथे ती योग्य. डाय कास्टिंगमध्ये पोलादी साच्यात जस्त किंवा ॲल्युमिनियम दाबाने भरतात. साचा महाग असतो, म्हणून एकाच वस्तूचे हजारो नग हवे असतील तरच परवडतं.

१९. पॅटर्न तोच, वाळू तीच, माणसंही तीच. तरी हवा दमट झाली की रिजेक्शन का वाढतं?

कारण वाळू ‘तीच’ राहत नाही. सिलिकेटच्या बाइंडरचे कोर हवेतला ओलावा शोषतात आणि सकाळचा टणक कोर संध्याकाळी बोटाने खरवडला जातो. वापरून परत आलेली वाळू गरम असेल तर मिक्सरमध्ये घातलेलं पाणी पॅटर्नपर्यंत पोहोचायच्या आत उडतं. मग कुणीतरी अंदाजाने पाणी वाढवतं. त्या गरम वाळूची वाफ थंड पॅटर्नवर, चॅपलेटवर आणि रस झटकन गोठावा म्हणून साच्यात बसवलेल्या लोखंडी चिलवर दव होऊन बसते. पुढचं प्रश्न १२ मध्ये आलंच आहे.

कोर वापरायच्या दिवशीच काढा. बंद केलेला साचा रात्रभर ठेवू नका. ठेवावाच लागला तर सकाळी ओतण्याआधी बॉक्स उघडा आणि चिलवर उलटा तळवा टेकवा. गार, ओलसर लागलं तर चिल काढा, तापवून कोरडी करा आणि मगच परत बसवा.